महिला राखीव आणि आमची म्हैस

आमच्या गावच्या दूध सोसायटीत महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या संचालकांना चांगली झुपकेदार मिशी होती. चेष्टा करत नाही. ते संचालक म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही म्हणते. निवडणूक बिनविरोध झाली. फॉर्मवर नाव सासूबाईंचं, फोटो त्यांचा, सही त्यांची, आणि गुलालानं माखून घरी आले आप्पा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या त्या वेळी गोठ्यात होत्या. त्यांना गुलाल लावायला गोठ्यापर्यंत कुणी गेलंच नाही, कारण म्हैस लाथ मारते.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. लग्न होऊन शिरूर तालुक्यात आले, न्हावऱ्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांच्या मालातल्या चुका काढायच्या हेच माझं काम, त्यामुळं घरी आल्यावरही तोंड गप्प बसत नाही. आणि डोकं लगेच तापतं, ते माहेराहूनच आणलंय.

सोसायटीची मीटिंग दर महिन्याला असायची, संध्याकाळी पाचला. चार वाजल्यापासून आप्पांची तयारी. कडक इस्त्रीची टोपी, कानात अत्तराचा फाया, खिशाला पेन. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे शिपाईमामा मीटिंगचं रजिस्टर घेऊन थेट गोठ्यात यायचे. आत्या शेणाचे हात पदराला पुसायच्या आणि ते दाखवतील तिथं सही करायच्या. एकदा मी तिथंच उभी होते. आत्या म्हणाल्या, "काय लिवलंय ते वाचू का जरा?"

शिपाईमामा म्हणाले, "वाचून काय करताय वहिनी? आप्पा व्हते की."

मी म्हटलं, "मग सही पण आप्पांचीच घ्या की."

ते दचकून म्हणाले, "आसं कसं? महिला राखीव हाय ती."

आता म्हशीबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. काळीभोर, डोळ्यांत नेहमी संशय. ती आत्यांशिवाय कुणालाही धार काढू देत नाही. दुसऱ्या कुणी हात लावला की पान्हा चोरते, म्हणजे दूध वर ओढून धरते आणि एक थेंब खाली सोडत नाही. वर लाथ. यापायी आत्यांना सहा वर्षांत एक रात्र बाहेर काढता आली नव्हती. म्हैस आटली की तेवढ्यात नेमके कांदे काढायला यायचे, नाहीतर कुणाचं बाळंतपण. माझं लग्न दौंडला झालं. आत्या सकाळची धार काढून आल्या आणि संध्याकाळच्या धारेसाठी निघून गेल्या. लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडेपर्यंत त्या आहेत, पुढं नाहीत. माझ्या मावशीला कित्येक दिवस वाटत होतं की मुलाच्या आईचं काहीतरी बिनसलं.

तर त्या वर्षी तालुक्याहून पत्र आलं. संचालकांचा अभ्यास दौरा, हरियाणात मुऱ्हा म्हशी बघायला, आठ दिवस, दौंडवरून रेल्वेनं. आप्पांनी त्याच संध्याकाळी गावभर सांगितलं. चाकाची बॅग आणली. थंडी असेल म्हणून कानटोपी आणली, ती घालून पारावर जाऊन आले. मी एरवी काही बोलले नसते. पण फॉर्म मोबाइलवर भरायचा होता, आणि आमच्या घरात मोबाइलवर काहीही भरायचं म्हटलं की हाक मलाच.

मी वाचलं आणि मला इतका आनंद झाला, की चहा तसाच ठेवून उठले. "आप्पा, हा दौरा फक्त महिला संचालकांसाठी आहे."

"मंग? मीच हाय की महिला संचालक."

अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले. त्यांना त्यात काही खटकलंच नाही. माझे मिस्टर शेजारी पोहे खात होते, त्यांना ठसका लागला.

"आप्पा, आधार कार्ड लागतंय. तिकीट आधारवर निघणार."

आप्पांनी सेक्रेटरींना फोन लावला. बराच वेळ हूं हूं केलं आणि शेवटी हळूच विचारलं, "आधाराचं काय करता येतंय का बघा की?" तिकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक. फोन ठेवल्यावर आप्पांनी कानटोपीची घडी घातली आणि बॅगेत ठेवून दिली.

आता सगळ्यांनी आत्यांकडं बघितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हशीचं काय?"

झालं! सगळ्या घराला हायसं वाटलं. आप्पा म्हणाले, "व्हय, म्हशीचं काय? म्हैस हाय ना." मिस्टर म्हणाले, "तेही आहेच." एवढी मोठी म्हैस दारात उभी, आणि माणसं तिच्या आड लपत होती. माझी सटकली. म्हटलं, "सहा वर्षं त्या म्हशीपायी बाई दावणीला बांधलीय तुम्ही. म्हैस निदान उन्हाळ्यात डुंबायला तरी जाते!" आप्पा म्हणाले, "दौंडकरांना लई बोलाया लागतं." मीही मग दौंड दाखवलंच. ते सगळं इथं लिहीत नाही.

त्या रात्री आत्या मला भांडी घासू लागल्या. मग तव्याकडं बघतच म्हणाल्या, "रेल्वेत खिडकी मिळती का गं? का ती बी गड्यांनाच?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. या बाईनं जन्मात रेल्वेत पाय ठेवला नव्हता. दौंड इथनं एस.टी.नं तासाभरावर, रेल्वे फाटकाला टेम्पो थांबला की त्या जाणाऱ्या गाडीचे डबे मोजायच्या, बावीस, तेवीस, चोवीस. एवढाच त्यांचा रेल्वेप्रवास. त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं, आणि आडवी होती ती फक्त म्हैस.

आमच्याकडं पंधरा दिवस होते. पहिली मी बसले. म्हशीनं मला नुसतं बघितलं आणि बादली लाथेनं पार दारापर्यंत घालवली. मिस्टर बसले, ते बादलीच्या मागोमाग गेले. चुलत सासऱ्यांकडचं धारा काढायचं मशीन आणलं, त्याचा आवाज ऐकून तिनं दावं तोडलं आणि शेजाऱ्याच्या कोथिंबिरीत जाऊन उभी राहिली. मग आत्यांनीच तोडगा काढला. म्हणाल्या, "माझी साडी नेसून बसा कुणीतरी. वासानं वळखती ती."

प्रश्न होता कुणी. माझी कंपनीची बस सहाला येते, मी परत येते साडेसातला. मिस्टरांची शिफ्ट फिरती. दोन्ही धारांना घरी हजर असणारं माणूस एकच. सगळ्यांच्या माना हळूहळू त्यांच्याकडं वळल्या.

"मी?" आप्पा म्हणाले. "साडी? हॅट!"

मी म्हटलं, "का? संचालकपद महिला राखीवचं चालतं, मग साडी का नको?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पण गावात सांगितलेला दौरा हातचा गेलाच होता, आता दूधही गेलं तर दुहेरी हसू. तिसऱ्या दिवशी गोठ्याला पोतं लावून आडोसा करून घेतला आणि आप्पा आत्यांची हिरवी साडी नेसून बसले. धोतरावरूनच. डोक्यावरून पदर, कारण आत्यांची ताकीद, "मिशी झाका. ती बुजंल." बांगड्यांची किणकिण म्हशीला लागते. आत्यांच्या बांगड्या आप्पांच्या मनगटात जाईनात, म्हणून त्या सुतळीत ओवून हाताला बांधल्या. म्हशीनं मान वळवली. आधी पदर हुंगला, मग पदराखालचं तोंड हुंगलं. आणि इतक्या जोरात फुरफुरली, की आप्पांची टोपी, जी पदराखाली तशीच होती, आंबोणाच्या टोपलीत पडली.

आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग म्हणाल्या, "नुसती साडी नेसून न्हाई भागायचं. तिच्याशी बोलावं लागतं."

"काय बोलायचं?"

"काय बी. मनातलं."

"म्हशीशी?"

"मंग कुणाशी?" आत्या म्हणाल्या.

आत्या म्हशीशी काय बोलतात हे आप्पांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. धारेच्या वेळेला गोठ्यात कुणी थांबायचंच नाही. विचारलं तर आत्या लाजायच्या. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी मी चक्क पोत्याआड उभी राहिले. मला वाटलं होतं, लाडीगोडी असेल, गाणंबिणं असेल. आत कसलं गाणं! आत सोसायटीची मीटिंग चालू होती.

"आता तूच सांग," आत्या धारेच्या तालावर सांगत होत्या. "दूध घालाया नव्वद टक्के बायाच येत्यात. उन्हातान्हात बरण्या घिऊन उभ्या. एक पत्रा टाकला तर काय सोसायटी बुडंल? आन् पशुखाद्याची पोती वल्ली येत्यात, ती परत कराया नकोत? मी सांगितलं आस्तं. पर कवा सांगू? मीटिंग पाचला ठेवत्यात. पाचला तुझी धार. साऱ्या गावात पाचलाच धारा निघत्यात बाई. दुपारी एकला ठेवली तर काय हुईल? तर त्यांची झोप मोडंल." म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती आणि बादली भरत होती. सहा वर्षं हे सगळे ठराव त्या जनावराच्या कानात गेले होते. मला हसू यायला हवं होतं. रडूच आलं, आणि रागही आला, आणि बस चुकली ती चुकलीच.

दुपारी मीच त्यांना दौंड स्टेशनवर पोचवलं. जाताना आत्यांनी न धुतलेल्या दोन साड्या खुंटीला ठेवल्या होत्या. मला बजावलं, "धुवाया टाकशील, तुझ्या हाताला लई घाई आस्ती."

पहिल्या दिवशी आप्पांना तांब्याभर दूध मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शक्कल लढवली. आत्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन म्हशीच्या कानाशी धरला. तिकडं गाडी कुठल्यातरी स्टेशनात उभी. आत्या म्हणाल्या, "काय गं माझे बाय, खाल्लंस का?" म्हशीनं कान टवकारले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि आवाज येतोय पण बाई दिसत नाही म्हटल्यावर असा हंबरडा फोडला की शेजारणी धावत आल्या. आप्पा साडीत. पोतं त्याच गडबडीत पडलेलं. शेजारणींनी आप्पांना बघितलं, आप्पांनी शेजारणींना बघितलं. फोनमधून आत्या विचारत होत्या, "आवं, काय झालं? बोला की!"

मग लपवायचं काही उरलंच नाही. पारावर आप्पांना हाक पडायला लागली, "या संचालिकाबाई!" आप्पांनी पारावर जाणं बंद केलं.

चौथ्या दिवशी रविवार होता, मला सुट्टी. सकाळी गोठ्यातून आवाज आला म्हणून गेले. आप्पांनी आधी म्हशीला गावच्या राजकारणाच्या गोष्टी सांगून बघितल्या होत्या, उसाच्या तोडीच्या सांगितल्या होत्या, अभंग म्हणून बघितला होता. म्हशीला कशातच गोडी वाटली नव्हती. त्या दिवशी बहुतेक त्यांचा धीर सुटला. पदर घसरलेला, मिशी उघडी, आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलणं चाललेलं.

"कंबार गेली माझी. बोटं वळंनात. पाचला उठतोय, शेण काढतोय, वैरण टाकतोय, हाय का कुणाला त्याचं? पोरगं उठतं, मोबाइल बघतं, जातं. सून उठती, डबा भरती, पळती. कुणी म्हणलं का, आप्पा, बसा दोन मिंटं, च्या घ्या? मी काय गडी हाय व्हय हितला? चार दिस झालं, उंबऱ्याभायेर पाऊल न्हाई. कुणाला सांगू? कोण ऐकतंय माझं?"

आणि चुळ्ळ करून पहिली धार बादलीत वाजली. मग दुसरी. मग धो धो. आप्पा दचकून थांबले, तशी धारही थांबली. म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. आप्पांनी घाईघाईनं पुढं सुरू केलं, "आन् काल तर भाकर बी गार खाल्ली म्या!" बादली फेसासकट भरली.

उठून वळले तर दारात मी. त्यांचे डोळे ओले होते, ते घामाचे होते असं ते आजही म्हणतात. "कुणाला सांगू नगं," म्हणाले.

मी पहिल्यांदाच उलट बोलले नाही. चहा करून आणला आणि म्हटलं, "बसा आप्पा दोन मिनिटं." ते साडी नेसूनच बसले आणि दोन कप प्याले.

आठ दिवसांनी मी आत्यांना आणायला दौंडला गेले. मला वाटलं, उतरल्या उतरल्या म्हशीचं विचारतील. त्या प्लॅटफॉर्मवर पाय टेकताच म्हणाल्या, "खिडकी मिळाली. जाताना बी आन् येताना बी." चेहरा उन्हानं रापलेला आणि आवाज मोठा झालेला. टेम्पोत सगळा वेळ बोलत होत्या. तिकडच्या म्हशी केवढ्या, हौद केवढे. "पर बाई," म्हणाल्या, "तिथं बी शेण बायाच काढत्यात आन् बाजंवर गडीच बसत्यात. एवढ्या लांब जाऊन तेच बघून आले." बरोबरच्या संचालक बायांशी बोलल्या होत्या. एक सोडली तर मीटिंगची खोली आतून कुणीच बघितलेली नव्हती. "एकीचा नवरा तर म्हणं, तिच्या नावानं भाषण करून आला."

पुढच्याच आठवड्यात मीटिंग होती. चार वाजता आप्पांनी सवयीनं टोपी झटकली, अत्तराचा फाया कानात घातला. मी त्या दिवशी मुद्दाम अर्धी रजा टाकून आले होते. आतून आत्या बाहेर आल्या. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात पेन.

"कुठं?" आप्पांनी विचारलं.

"मीटिंगला."

"आन् धार?"

"तिला तुमची सवय झालीया की," आत्या म्हणाल्या. आवाजात कुठं तिखट नव्हतं, मीठ नव्हतं.

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी गाडीची किल्ली शोधत असल्यासारखं केलं. मग त्यांनी म्हशीकडं बघितलं, ती त्यांच्याकडंच बघत होती. आप्पांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि त्याच खुंटीवरची हिरवी साडी घेऊन गोठ्याकडं गेले. जाताना पुटपुटले, "परत कितीला येणार, ते तरी सांगून जावा." आत्यांनी हे वाक्य जन्मभर दारात उभं राहून म्हटलेलं होतं. त्या ऐकून जागच्या जागी थबकल्या, आणि मग निघाल्या.

मी त्यांना माझ्या स्कूटीवर सोसायटीत सोडलं आणि दाराशीच उभी राहिले. आत सगळे गडी. आत्यांना बघून चेअरमन अर्धे उठले. "या वहिनी. आप्पा न्हाई आले?"

"धार काढत्यात."

हशा पिकला. आत्या हसल्या नाहीत. हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग आप्पांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. शिपाईमामांनी रजिस्टर पुढं केलं, आत्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून सगळं पान वाचलं. पाच मिनिटं झाली. कुणीतरी खोकलं. पान संपवून त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "मीटिंगची येळ बदलायची. दुपारी एकला ठिवा. पाचला धारा आस्त्यात, बायांना येता येत न्हाई."

चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं पाचलाच हाय. आजवर कुणाची तक्रार न्हवती."

"व्हती," आत्या म्हणाल्या. "सहा वर्सं म्हशीला सांगत व्हते. तिनं सगळी ऐकून घेतली. आता तुमी ऐका."